तलावाचे तीन फोटो

नव्या जिल्ह्यासाठी झगडणाऱ्या समितीच्या चिटणीसाने मला फसवलं, आणि माझा फोटो वापरून माझ्या बहिणीच्या गावाला फसवलं. त्या गावाचा पाण्याचा टँकर बंद पाडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे ही गोष्ट उलटी सांगतात. त्या सांगण्यात फसवणारा मी असतो.

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना ते कळेल. बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. सातवीनंतर शाळा सुटली आणि लग्नांत दुसऱ्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी हॅलोजन धरत फिरलो. पहिला कॅमेरा नांदेडला जुना घेतला. दुकानदाराशी दुपारभर घासाघीस केली आणि तो कंटाळला तेव्हा वर स्टँडही फुकट काढून घेतला. मला कोणी काही शिकवलेलं नाही आणि कोणाचे उपकारही माझ्यावर नाहीत.

तीन फोटो जोडून एक करायची विद्या मी लातूरच्या एका बिल्डरच्या कामावर पोटाला चिमटा घेऊन शिकलो. त्याला रिकाम्या फ्लॅटचे फोटो हवे होते. खोली नीट आली की खिडकी पांढरीफटक, आणि खिडकीबाहेरचं दिसलं की खोलीत काळोख. कॅमेऱ्याला माणसाच्या डोळ्याइतकी समज नसते. तुम्ही अंगणात उन्हात उभे राहून ओसरीतल्या माणसाशी बोलता तेव्हा तुम्हाला ऊनही दिसतं आणि त्याचा चेहराही. कॅमेरा म्हणतो, दोन्हींतलं एक घे. म्हणून कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि त्याच जागेवरून तीन फोटो घ्यायचे. एक मोजून बरोबर उजेडाचा, एक मुद्दाम काळा, एक मुद्दाम उजळ. काळ्यात आभाळ नीट येतं, उजळात सावलीतलं सगळं दिसतं. मग कंप्युटरवर तिन्ही एकावर एक बसवायचे आणि ज्या फोटोत जे नीट आलंय ते त्यातून घ्यायचं. तिघांतला एकही फोटो एकटा खरा नसतो. तिन्ही मिळून जे होतं ते डोळ्याने पाहिलेल्याच्या जवळ जातं.

आमच्या गावातल्या बाकीच्या स्टुडिओवाल्यांना हे कळत नाही. त्यांनी नाव तेवढं उचललं. एचडीआर म्हणजे त्यांच्या लेखी आभाळ वांग्याच्या रंगाचं करायचं आणि नवरीच्या गालावर तांब्याचा मुलामा चढवायचा. लग्नाच्या अल्बममध्ये मांडवाच्या कडेने उजेडाचं वेटोळं आलेलं असतं, नवऱ्याचा बाप हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय क्लिअर आलाय. अशा लोकांच्या बाजारात मी धंदा करतो.

तर तो उन्हाळा. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तोच. आमच्या गावात नळ महिन्यातून एकदा यायचा आणि त्या दिवशी कोणी कोणाच्या मयतीलाही जायचं नाही. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात आमच्या थोर लोकांना जिल्हा पाहिजे होता. लातूर तोडून म्हणा, नांदेड तोडून म्हणा, कसाही, पण मुख्यालय आमच्याच गावात. समितीत वकील होते, डॉक्टर होते, आडते होते, आणि बायपासच्या कडेला प्लॉट पाडून बसलेले सगळे होते. जिल्ह्याचा पत्ता नव्हता आणि ह्यांनी लेटरहेडवर गावाच्या नावामागे जिल्हा छापून घेतला. कलेक्टर कचेरी कोणाच्या जमिनीवर व्हावी यावरून दोन गट पडले आणि ते एकमेकांच्या घरच्या बारशाला जाईनासे झाले. नसलेल्या कचेरीवरून!

ह्या समितीचा चिटणीस कापड दुकानदार. सगळे त्याला अप्पा म्हणतात, मीही म्हणायचो. त्याने मला दुकानात बोलावलं. गादीवर पांढरी चादर, तक्क्याला टेकलेला अप्पा, वर कुलर.

"या फोटोवाले, शरणार्थ," त्याने हात जोडले. "बसा. चहा सांगू का थंड पाणी?"

"दोन्ही सांगा. पाणी तर तुमच्याकडंच उरलंय म्हणतेत."

हसला. म्हणाला, "समितीची पुस्तिका निघायलीय. मुंबईहून सायेब लोक येणार. कॉलेज, मोंढा, दवाखाना, जुनी तहसील, समद्याचे झकास फोटो पायजेत. आन एक तलावाचा."

हा तलाव म्हणजे गावापासून नऊ किलोमीटरवरचा. त्याच्या बांधाला लागून जे खेडं आहे तिथे माझी थोरली बहीण दिली आहे. तलाव मला पाठ होता.

"तलावात काय हाय अप्पा? गाळ."

"तेच दाखवायचंय. बायांचे हाल दिसू द्या. जिल्ह्याचं ठिकाण लांब पडलं की लोकांकडं कोणी बघत न्हाई, असं लिहायलोत."

हे त्याचे शब्द. मी ते त्याच्या तोंडून, त्याच्या गादीवर बसून ऐकले.

मग भाव. मी सांगितलं, जिथं आभाळ येतं तिथं मी तीन फोटो काढून एक करतो, तेव्हा मी तीन धरणार. अप्पा तक्क्यावरून उठून बसला.

"मी कापड मीटरवर इकतो. आतल्या बाजूचं वेगळं मोजत न्हाई."

"अस्तर लावलं की शिंपी वेगळं मोजतो का न्हाई?"

"तुमी फोटो इकायलाव का अस्तर?"

"तुमाला अस्तर नगं आसंल तर समोरच्या स्टुडिओत जावा. वांग्यासारखं आभाळ करून देतंय ते."

असा तासभर गेला. दोन गिऱ्हाइकं लुगडी न घेता आमची गंमत ऐकत बसली. शेवटी अप्पा म्हणाला, "बरं. तीन धरले. पण मोजले तीन तर द्यायचे बी तीन. जोडलेला तो चौथा, तो बी माजाच."

मी टाळी दिली. आमच्या धंद्यात मधले फोटो कोणी गिऱ्हाइकाला देत नाही. ते सामान असतं, माल नव्हे. पण एका फोटोचे तीन मोजून घेतले या आनंदात मला ते सुचलं नाही. अप्पाला हरवलं म्हणून मी रस्त्याने हसत आलो. हा कापडवाला हरायला इतका राजी का झाला, हे विचारायची अक्कल मला त्या दिवशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तलावावर गेलो. सूर्य समोरच्या बांधावर नुकता चढलेला. मधोमध म्हशीला लोळायला पुरेल एवढं डबकं, त्याभोवती लांबवर ओला काळा गाळ, आणि अलीकडे सगळी भेगाळलेली जमीन, एकेका भेगेत हात जाईल अशी. गाळाच्या कडेला बायांनी झिरे खोदले होते. कमरेएवढा खड्डा, तळाशी वाटीने भरायचं पाणी. प्यायला टँकर यायचा दिवसाआड, तो गावच्या विहिरीत ओतला जायचा. झिऱ्याचं हे गढूळ भांड्यांना आणि जनावरांना.

अक्का, माझी ती थोरली बहीण, तिथेच होती. खड्ड्यातून वर बघून म्हणाली, "आला बगा. लगन नसलं की ह्याला आमचे फोटो सुचतेत."

दुसरी एक बाई म्हणाली, "पाव्हणं, पावडर लावून येऊ का?"

"जशा हाव तशाच ऱ्हावा. फकस्त हलू नका. तीन बार खटका वाजंल."

"एका फोटूला तीन खटके? डबडं जुनं झालं व्हय?"

"तिन्ही जोडायचे असतेत. मधी कोणी हललं की एकीच्या तीन दिसतेत."

"दिसू दे की," अक्का म्हणाली. "तीन अक्का झाल्या तर तीन घागरी तरी लौकर भरतील."

सगळ्या हसल्या आणि मला हसणं संपायची वाट बघावी लागली. मग अक्का घागर कमरेवर घेऊन गाळाच्या कडेला उभी राहिली, दोघी तिच्यामागे. मी स्टँडचे पाय भेगा चुकवून रोवले. तीन खटके. त्या बाया दगडासारख्या उभ्या होत्या. माझ्या स्टुडिओत ऐटीत बसणारे पुढारी दोन सेकंद मान सरळ ठेवत नाहीत.

दुपारी दुकानात इन्व्हर्टरवर ते तीन फोटो उघडले. उजळ फोटोत भेगा, मेलेले मासे, अक्काच्या पायाला लागलेला गाळ, सगळं दिसत होतं आणि आभाळ कोरं पांढरं झालं होतं. मधल्यात थोडं हे थोडं ते. काळ्या फोटोत सूर्य, एकही ढग नसलेलं आभाळ, आणि त्याखाली चमकणारा एक लांबच लांब पट्टा. तो ओला गाळ होता. समोरून ऊन आलं की ओला गाळ आरशासारखा चमकतो, आणि फोटो काळा केला की भेगा आणि मासे अंधारात बुडतात आणि चमक तेवढी शिल्लक राहते. अक्का आणि त्या दोघी नुसत्या काळ्या आकृत्या, घागर घेऊन पट्ट्याच्या काठावर.

तिन्ही जोडले. आभाळाला रंग चढवला नाही, गाळाला लावला नाही. जोडून झालं तेव्हा सकाळी मी जे पाहिलं तेच समोर होतं. वर तापायला लागलेलं आभाळ, खाली कोरडा तळ, आणि अक्काच्या चेहऱ्यावर हसू संपल्यावर उरलेला वैताग. मी इतक्या वर्षांत इतका खरा फोटो काढलेला नव्हता.

पेनड्राइव्ह घेऊन मी अप्पाकडे गेलो. त्याने तिन्ही फोटो आणि चौथा असे ओळीने बघितले. काळ्यावर थांबला.

"हे काय चमकायलंय?"

"ओला गाळ हाय. काळ्यात पाण्यावाणी दिसतो. म्हणून तर बाकीचे दोन लागतेत."

माझ्याच तोंडाने मी त्याला सांगितलं. वर हेही सांगितलं की कॅमेऱ्याने काढलेला फोटो तसाच्या तसा असतो, जोडकाम कंप्युटरवर करावं लागतं. माझी विद्या किती मोठी आहे ते त्याला कळावं म्हणून.

"कमाल हाय तुमची," अप्पा म्हणाला, आणि पेनड्राइव्ह गल्ल्यात टाकला.

पुस्तिका मी चहाच्या टपरीवर पाहिली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर समितीचे सगळे फेटे. तलावाच्या पानावर काळा फोटो, एकटा, पानभर. खाली ओळ: ऐन उन्हाळ्यातही पाणी राखून असलेला आपला तलाव, पाणी भरताना ग्रामस्थ महिला. टपरीवाला म्हणाला, "भारी काढलाय हो. एवढं पाणी हाय का तिथं?" मी चहा तसाच ठेवून उठलो.

मागाहून कळलं ते असं. शेजारच्या तालुक्यालाही मुख्यालय पाहिजे होतं आणि त्यांचा एकच मुद्दा होता, ह्यांच्याकडे प्यायला पाणी नाही, जिल्हा कशाला मागतात. त्याला उत्तर म्हणून अप्पाला भरलेला तलाव हवा होता. भरलेला तलाव कुठेच नव्हता, म्हणून त्याने माझ्याकडून काढून घेतला. बायांचे हाल दाखवायचेत ही थाप होती. तीन धरले तेही हरून नव्हे, तिघांतला एखादा तरी कामाला येईल म्हणून.

चार दिवसांनी अक्काचा फोन आला. टँकर आला नव्हता. तिचा नवरा पिठाची गिरणी चालवतो, तो तहसील कचेरीत विचारून आला होता. त्याला सांगितलं, तुमचं गाव यादीतून काढलं. ती पुस्तिका मुंबईच्या साहेबांच्या बैठकीत वाटली गेली होती. कोण्या साहेबाने ते पान बघून विचारलं, तलावात एवढं पाणी असताना बांधावरच्या गावाला टँकर कशाला? कोणी उत्तर दिलं नाही. अप्पा त्या बैठकीत होता.

मी चारही फोटोंचे मोठे प्रिंट काढले आणि कचेरीत गेलो. टँकरची यादी ज्याच्याकडे होती त्या कारकुनासमोर ठेवले.

"सायेब, हा बघा खरा तलाव."

त्याने जोडलेला उचलला. "छान हाय. कसा काढला?"

"तीन जोडून."

"म्हंजे कंप्युटरवर केलेला."

"केलेला म्हंजे, दिसतं तसं दिसावं म्हणून..."

"कंप्युटरवर केलेला. बरं. आन पुस्तिकेतला हा?"

"तो जोडायच्या आधीचा. तिघांतला एक."

"म्हंजे ह्याला कंप्युटरवर हात लावला न्हाई."

"न्हाई, पण..."

"मग ओरिजिनल हाच झाला की," तो म्हणाला आणि माझे प्रिंट माझ्याकडे सरकवले. त्याच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान होतं.

मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण ओरडलो. "नऊ किलोमीटर हाय! गाडी काढा, आता जाऊ. डबक्यात तुमचा बूट बुडला तर मी नाव बदलतो."

"पाहणीसाठी अर्ज करा. आन आवाज बाहेर करा."

अर्ज केला. तसाच अप्पाच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती तरी गादीवर चढलो, चप्पल घालून. पुस्तिका त्याच्या पुढ्यात टाकली.

"हे काय केलाव?"

अप्पाने तलावाचं पान उघडलं. "फोटो तुमचाच हाय. त्यात मी एक टिंब बदललं का, सांगा."

"तुमाला मी सांगितलं होतं तो गाळ हाय म्हणून!"

"तुमी लई सांगितलं. आमाला फोटोतलं काय कळतंय? तीन दिले तुमी, मोजून दिले. त्यातला एक छापला. कुठला छापावा हे बी करारात होतं का?"

दुकानातले लोक हसले.

"माज्या भनीच्या गावचा टँकर बंद पडलाय."

"चार दिवस कळ काढा म्हणावं अक्काला. जिल्हा झाला की दारात नळ येतोय तिच्या."

मी त्याचा तक्क्या उचलून रस्त्यावर फेकला. गावात अजून लोक हेच सांगतात की फोटोवाल्याने अप्पाच्या दुकानात दंगा केला. तक्क्या सगळ्यांना आठवतो, टँकर कोणाला आठवत नाही.

टँकर सतरा दिवस आला नाही. विहीर तळाला गेली. बाया झिऱ्याचंच पाणी फडक्याने गाळून प्यायला लागल्या आणि लेकरांची पोटं बिघडली. अक्का पहाटे दीड कोसावरच्या एका मळ्यात पाण्याला जायची. एक दिवस दोन घागरी घेऊन बांध उतरताना पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हाड वाकडं बसलं होतं. आज तिला भाकरी थापता येत नाही. भाकरी सून थापते आणि ही शेजारी बसून सांगत राहते, पातळ कर, अजून पातळ कर.

त्या दिवसांत मी गावात गेलो की पारावरची माणसं म्हणायची, "आले फोटोवाले. आज काय बंद पाडायला आलाव?" एका म्हाताऱ्याने तोंडावर सांगितलं, "भावानं भनीचं पाणी तोडलेलं आमी पयल्यांदाच बघायलोत." मी कोणाला काय सांगणार होतो? उजळ फोटो, काळा फोटो, मधला फोटो? अक्का मात्र मला कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "तू हलू नको म्हणलास म्हणून मी हलले न्हाई रे. हलले असते तर बरं झालं असतं."

सतराव्या दिवशी बाया रिकाम्या घागरी घेऊन हमरस्त्यावर बसल्या, एसटी अडल्या, तेव्हा तलाठी पाहणीला आला. तलाव बघायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. संध्याकाळी टँकर आला. कोणी चूक झाली म्हणालं नाही. माझ्या अर्जाचं काय झालं तेही कळलं नाही.

जिल्हा झाला नाही. प्लॉटवाले प्लॉट धरून बसले आहेत. अप्पा कापड विकतोय आणि कोणी विचारलं तर म्हणतो, फोटोवाल्याची चूक झाली, त्याने चुकीचा फोटो दिला. लग्नाच्या खरेदीला आलेल्या लोकांना सांगतो, माझ्या संभाव्य गिऱ्हाइकांना. अक्काच्या गावातही आता हेच धरून चालतात.

मधले फोटो मी दिले. ते द्यायला नको होते, आणि घासाघीस जिंकायच्या हौसेपायी दिले, हे मी इथे माझ्या हाताने लिहितोय. पण मी चार दिले होते आणि कोणता कसा आहे ते सांगून दिले होते. चारांतून तो एक निवडणारा हात माझा नव्हता. त्याखाली ती ओळ लिहिणारा मी नव्हतो. यादीवर रेघ मारली जात असताना गप्प बसलेला माणूस मी नव्हतो.

तेव्हा अप्पा, तुमच्यासाठी हे लिहिलंय. त्या पारावर या. दिवस तुम्ही ठरवा, मी फोटो घेऊन येतो. त्या फोटोत उभ्या होत्या त्या तिघी समोर बसतील. मला काही सांगू नका, माझ्याशी तुमचा भाव केव्हाच ठरून झालाय. त्यांना सांगा, गाळ आहे हे माहीत असताना तुम्ही तिथे पाणी का लिहिलंत. अक्काच्या हाताकडे बघा आणि तिला सांगा.